छत्रीखालचा हिवाळा

आम्हा मुलुंडकरांना थंडीचा भारी अभिमान. अंधेरीला पंखे चालू असतात तेव्हा आम्ही गोधड्या काढतो, हे इथला प्रत्येक माणूस एकदा तरी ऐकवतोच, जणू मागचा डोंगर त्यानेच आणून ठेवलाय. आता मीही ऐकवते. पंचवीस वर्षं झाली इथे राहून. पण खरं सांगायचं तर नळाचं पाणी सकाळी बोटांना झोंबायला लागलं, खाली कुणी पाला पेटवला आणि त्याचा धूर खिडकीशी आला, की माझं मन बिथरतं. दिवसभर कुणाशी धड बोलत नाही. घरातले म्हणतात, हिचं थंडीचं चालू झालं. झालं तर झालं. मला हा मोसम आवडत नाही, आणि या वयात आवडून घ्यायची हौसही नाही.

मी तेरा वर्षांची होते तेव्हा आम्ही अंधेरीत, मरोळच्या बाजूला एका बैठ्या चाळीत राहायचो. गिरण्यांचा संप मोडला त्यानंतरची दोन-तीन वर्षं. चाळीत बहुतेक कोकणातली माणसं, गिरणीतून सुटून मिळेल त्या कामाला लागलेली. मुसलमानांची घरं आमचं धरून तीन. गाव आमचं म्हसळ्याकडचं आणि घरातली बोली बाणकोटी. इथे ती सरळ करून लिहितेय, नाहीतर माझीच मुलं वाचायची नाहीत.

अब्बा गोदीत होते. क्रेनची साखळी पायावर पडली आणि ते घरी बसले. पाय राहिला, पण कामाचा राहिला नाही. तेव्हा अम्माला कामाला जायला त्यांनीच सांगितलं. चाळीच्या टोकाला सावंतबाई राहायच्या, एमआयडीसीतल्या एका गाळ्यात ट्रान्सफॉर्मरच्या कॉइली भरायच्या कामावर. बायकांचा हात हलका म्हणून शेठ बायकाच घ्यायचा. पहिल्या दिवशी अब्बा कुबडी घेऊन अम्माला स्वतः पोचवायला गेले आणि सुट्टी होईपर्यंत समोरच्या चहाच्या टपरीवर बसून राहिले. असं आठ दिवस. मग म्हणाले, "आता तू जा. तुला रस्ता कळला, मला चहा बाधला."

चाचांना हे अजिबात पटलं नव्हतं. चाचा म्हणजे अब्बांचे धाकटे भाऊ, कुर्ल्याला राहायचे. वाईट माणूस नव्हे. पण आले की पडवीत बसून एकच सुरू करायचे, "बाईचा नफका मर्दावर असतो. खाणं, कपडा, छप्पर, सगळं मर्दानं द्यायचं. आपल्यात बाईला कमवायची सक्ती नाही, ही तिची इज्जत आहे." यावर अब्बा म्हणायचे, "सक्ती नाही म्हणजे बंदी आहे का? ती माझ्या इजाजतीनं जाते. तुझी इजाजत कशाला लागेल?" आत अम्मा पोळ्या लाटत असायची आणि लाटण्याचा आवाज मधूनच थांबायचा.

तिला ते काम आवडायचं, हे मला तेव्हाही कळत होतं. कशासाठी आवडायचं हे कळायला मात्र मला नोकरीला लागावं लागलं. चाळीत ती सलमाची आई होती, नाहीतर लंगड्या खानसाहेबांची बायको. गाळ्यात ती हमीदाबाई होती. एकदा मी डबा द्यायला गेले होते. पत्र्याच्या छताखाली सात बायका रांगेत, वार्निशचा वास, रेडिओ. अम्माने डोक्यावरची ओढणी मानेमागे घट्ट बांधली होती, तारेत अडकू नये म्हणून. डाव्या हाताने केसाएवढी बारीक तांब्याची तार धरायची, उजव्या हाताने मशीनचं हँडल फिरवायचं. तिच्या मशीनचा आकडे मोजायचा काटा मोडलेला होता, म्हणून ती मनात मोजायची. नऊशे वेढे. मध्ये सावंतबाईंनी काही विचारलं तर उत्तर द्यायची, हसायचीसुद्धा, आणि मोजणी चुकायची नाही. शेठ नव्या पोरींना सांगायचा, "हमीदाबाईकडे बघा." घरी येताना ती मला म्हणाली, "ऐकलंस ना, काय म्हणाला ते?" ऐकलं होतं. तिला ते माझ्या तोंडून पुन्हा ऐकायचं होतं.

ऑक्टोबरच्या तीन तारखेला अब्बा गेले. पायाचं दुखणं नव्हे, छातीचं. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्या दिवशीचं ऊन मला आठवतं, पत्र्यावर पाणी मारलं तरी वाफ यायची. दफन करून पुरुष परत आले आणि चाचांनी पडवीतून आत निरोप दिला, "वहिनींनी आता इद्दतीत बसायचं. चार महिने दहा दिवस."

इद्दत म्हणजे नवरा गेलेल्या बाईने पाळायची मुदत. घर सोडायचं नाही, नटायचं नाही, काजळ-अत्तर लावायचं नाही, दुसऱ्या लग्नाची बोलणी करायची नाहीत. अम्माला कुणी जबरदस्तीने बसवलं असं मी म्हणणार नाही. बाहेरची माणसं ऐकली की लगेच चुकचुकतात, म्हणून मुद्दाम सांगते. ती स्वतःहून बसली. बांगड्या काढून तिने कपाटात अब्बांच्या टोपीशेजारी ठेवल्या, पांढरी साडी नेसली आणि खोलीच्या मागच्या कोपऱ्यात चादरीचा पडदा लावून घेतला. मला म्हणाली, "त्यांच्यासाठी एवढं तरी करू दे." तिचा अब्बांवर जीव होता. तेवढंच एक सुख होतं आमच्या घरात.

पण एका खोलीच्या चाळीत इद्दत पाळणं म्हणजे काय, हे ज्याने केलं त्यालाच ठाऊक. संडास चाळीच्या मागे, सगळ्यांचा मिळून. जायला उघड्या अंगणातून वाट. चाचींनी, म्हणजे चाचांच्या बायकोने, बजावून ठेवलं होतं की इद्दतीतल्या बाईने आभाळ बघायचं नाही, चंद्र तर मुळीच नाही. मग तोड काय काढली? छत्री. अब्बांची काळी, लांब दांड्याची. सकाळी उजाडायच्या आत आणि संध्याकाळी दिवेलागणीला मी अम्माच्या डोक्यावर छत्री धरून अंगणातून चालायची. ती मान खाली घालून, पदर तोंडावर ओढून. आभाळ कोरडं ठणठणीत, गारठा अंगाला लागतोय आणि आम्ही दोघी छत्रीत. पोरं म्हणायची, "सलमे, पाऊस आला का गं?" मी शिव्या द्यायची. अम्मा छत्रीखालून माझा हात दाबायची, की राहू दे. तो हात थंड पडलेला असायचा.

मला त्या छत्रीची लाज वाटायची आणि लाज वाटते याचीही लाज वाटायची. तेराव्या वर्षी माणूस किती दुष्ट असतो ते नंतर आठवतं. कधीकधी मी मुद्दाम छत्री तिरकी धरायची. वाटायचं, बघू दे की तिला जरा आभाळ, काय होतंय. ती लगेच डोळे मिटून घ्यायची.

दिवाळी होऊन गेल्यावर सावंतबाई भेटायला आल्या. बाईमाणूस, तेव्हा पडद्याआड यायला आडकाठी नव्हती. येताना ओल्या नारळाच्या करंज्या घेऊन आल्या. अम्माचे हात हातात घेऊन बसून राहिल्या. मग मालवणीत म्हणाल्या, "तुका रडाक चार महिने तरी गावले. माझो घोव गेलो तेवा माका तेरा दिस गावले. चौदाव्या दिसाक मशिनीर बसलंय. रडाचा ऱ्हवला ता ऱ्हवलाच." अम्मा त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मग त्याही रडल्या. कुणाचा कायदा बरा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एकीला घराबाहेर काढलं, एकीला घरात ठेवलं. दोघींना विचारलं कुणीच नाही.

जाताना सावंतबाईंनी कामाचं काढलं. शेठला मोठी ऑर्डर मिळणार होती. हमीदाबाईची जागा मी धरून ठेवतो म्हणाला होता, पण कुठवर ते कळायला हवं. "कधी सुटतलंस ता सांग. मी सांगतंय शेठाक."

अम्माने पडद्याबाहेर माझ्याकडे पाहिलं. "सलमा, तू मोज बरं. तू शाळेत जातेस."

किती अभिमान होता तिच्या बोलण्यात. ती स्वतः चौथीपर्यंत उर्दू शिकलेली. नऊशे वेढे मनात मोजणारी बाई, पण अब्बा गेल्यापासून तिला वार आठवायचा नाही. चंद्र बघायचा नाही, म्हणून चंद्राचा महिना कधी लागला नि कधी संपला तेही तिला ठाऊक नव्हतं. मी स्टुलावर चढून भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं चाळली. तीन ऑक्टोबर. तीन नोव्हेंबर, तीन डिसेंबर, तीन जानेवारी, तीन फेब्रुवारी. वर दहा. "तेरा फेब्रुवारी," मी म्हणाले. वर्गात उत्तर देतात तशी, ठसक्यात.

कॅलेंडरवर प्रत्येक चौकोनात, खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात मुसलमानी तारीख छापलेली असते. त्या कॅलेंडरवरही होती. मी बघितली नाही. शाळेत तारीख म्हटली की इंग्रजी, मला दुसरी सुचलीच नाही.

मग डिसेंबर, मग जानेवारी. चाळीसमोरच्या मोकळ्या जागेत सकाळी शेकोटी पेटायची, बोरवाली यायची, माझ्या सहामाहीचे पेपर मिळाले, गणितात मी वर्गात दुसरी आले. अम्मा कोपऱ्यात नमाज पढायची, तसबीहचे मणी ओढायची, गोधड्या शिवायची. एकदा शाळेतून आले तर ती पडद्याआड मांडी घालून बसली होती, डावा हात पुढे आणि उजवा हात हवेत गोल फिरत होता. ओठ हलत होते. मला बघून थांबली आणि कसनुसं हसली. "सवय जाईल म्हणून," म्हणाली. मग जरा वेळाने, "सलमा, मला ती जागा हवी गं. ते होते तेव्हा घरात दोन माणसं माझ्याशी बोलणारी होती. आता तुझ्याशिवाय कोण आहे? तूही उद्या लग्न करून जाशील." इतकं उघड ती कधीच बोलत नसे. मी म्हटलं, "मिळेल की, तेरा तारीख काय लांब आहे?"

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सावंतबाई घाईघाईने आल्या. ऑर्डर नक्की झाली होती. सोमवारी, अकरा तारखेला नवी पाळी बसणार. त्या दिवशी जी मशीनवर असेल तिची मशीन. हमीदा अकराला आली तर उत्तम, नाहीतर शेठच्या ड्रायव्हरची मेव्हणी तयार होती. सावंतबाईंनी दोन दिवसांसाठी पुष्कळ विनवलं होतं. शेठ म्हणाला, दोनाचे वीस होतात.

"दोन दिस गं," सावंतबाई म्हणाल्या. "दोन दिस आधी आलंस तर तुझो देव काय रागावतलो?"

अम्मा चादरीचा काठ बोटाला गुंडाळत राहिली, सोडवत राहिली. मला मनातून वाटत होतं, हो म्हण, हो म्हण. मग तिने विचारलं, "सावंतबाई, नऊशे वेढ्यांत दोन कमी भरले तर तुम्ही कॉइल पास करता का?"

सावंतबाई उठल्या. दारात चप्पल घालताना त्यांनी डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "तुझी आवस खुळी आसा. पण तिका काय बोलाचा नाय हां."

अकरा तारीख गेली. सोमवारचा दिवस. मी शाळेतून आले तेव्हा अम्मा भिंतीकडे तोंड करून निजली होती. जेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी नानी आली, अम्माची आई, म्हसळ्याहून एसटीने. इद्दत सुटली की माहेरचे कपडे घालायची आमच्यात रीत, म्हणून पिशवीत हिरवी साडी, बांगड्या आणि वालाच्या शेंगा. दारात उभी राहून धापा टाकत तिने पडदा पाहिला आणि मग पडद्याआडच्या अम्माला पाहिलं. तिच्या तोंडाचा रंगच बदलला.

"अगं, तू अजून बसलीस?"

"उद्या सुटते ना," अम्मा म्हणाली.

"उद्या कशी? शुक्रवारीच सुटलीस तू. मी चंद्र धरून मोजलंय, प्रत्येक चांदाला अंगणात उभी राहून मोजलंय. मी म्हटलं, पोर सोमवारी कामावर रुजू झाली असेल, मग मला कसली घाई, म्हणून निवांत आले."

इद्दत मोजायची चंद्राच्या महिन्यांनी, आणि ते महिने लहान. कधी एकोणतीस दिवसांचा, कधी तिसांचा. चार महिन्यांत मिळून पाच दिवसांचा फरक पडला होता. शुक्रवार म्हणजे आठ तारीख. शनिवारी ती मोकळी होती. रविवारी होती. सोमवारी सकाळी डबा घेऊन, ओढणी बांधून, छत्रीबित्री काही न घेता रस्त्याने ताठ चालत जाऊ शकली असती.

मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते, नानीच्या पायावर ओतायला. नानी विचारत होती, "मोजलं कुणी?"

अम्माने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मीच मोजलं," म्हणाली. "मी चुकले." नानीने कपाळावर हात मारला आणि आयुष्यभर, मरेपर्यंत, तिला त्यावरून बोलत राहिली, की गाळ्यात हजारांनी मोजायचीस आणि अल्लाचे दिवस मोजता येत नाहीत. अम्माने ते प्रत्येक वेळी ऐकून घेतलं. मी प्रत्येक वेळी तिथे होते आणि प्रत्येक वेळी गप्प होते. याला काय म्हणायचं ते वाचणाऱ्यांनी म्हणावं. मी स्वतःला म्हणायचं ते म्हणून झालंय.

हिरवी साडी नेसून अम्मा गाळ्यात जाऊन आली. मशीनवर दुसरी पोरगी होती, काट्याची नवी मशीन. शेठने बसवून चहा दिला, जागा निघाली की बोलावतो म्हणाला. बोलावणं आलं नाही. चाचा म्हणाले, "जे झालं ते भल्यासाठी. मी आहे ना." आणि ते खरंच होते, तांदळाचं पोतं न चुकता पाठवत राहिले. नफका मर्दावर, हे त्यांनी निभावलं. त्यांना दोष देता आला असता तर मला किती बरं झालं असतं. अम्मा घरी बसून साड्यांना फॉल लावायला लागली. साड्या आणायला मी जायची, पोचवायला मी जायची. पुढे मी शिकले, मुलुंडच्या एका शाळेच्या ऑफिसात लागले. रोज सकाळी डबा भरून देताना अम्मा दारापर्यंत यायची आणि मी कोपऱ्यावरून वळेपर्यंत उभी राहायची. मला वाटायचं, माया. माया होतीच. पण दुसरंही काही होतं, आणि ते बघायला लागू नये म्हणून मी भराभर चालायची.

अगदी अलीकडे, बायकांच्या एका धार्मिक मजलिसीत एक तरुण आलिमा आली होती. आलिमा म्हणजे धर्माचं रीतसर शिक्षण घेतलेली बाई. वय असेल सव्वीस-सत्तावीस, स्वतः शिकवायला जाणारी, बोलणं चटचटीत. सगळ्या उठल्यावर मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, की इद्दतीतल्या बाईला पोटासाठी कामावर जावं लागलं तर? ती म्हणाली, "आपल्या शाफई पंथात तर दिवसा जाता येतं, खाला. गरज असली तर जायचं, रात्री आपल्या घरी यायचं. पूर्वी बायका सूत विकायला जायच्याच की."

"आणि आभाळ?"

"कसलं आभाळ?"

"बघायचं नसतं म्हणे. चंद्रही."

ती हसली. "हे कुणी सांगितलं तुम्हाला? कुठेच नाही असं. विचारायचं ना कुणालातरी."

विचारायचं ना. चाळीपासून मशीद दहा मिनिटांवर होती. चाचांनी विचारलं नाही, कारण त्यांना उत्तर ठाऊक आहे असं त्यांना वाटत होतं. अम्मा विचारू शकत नव्हती, कारण ती बसली होती. मी विचारलं नाही, कारण मी गणितात हुशार होते.

घरी आले तर अम्मा गॅलरीत उन्हाला बसली होती. थकलीय आता, डोळ्यांना कमी दिसतं, सुई कधीच सुटली. सांगू नये हे कळत होतं. तरी सांगितलं. इतकी वर्षं एक गोष्ट पोटात ठेवली होती, दुसरी ठेववेना. दिवसा जाता येत होतं, पहिल्या दिवसापासून येत होतं, छत्री नको होती, सगळं सांगितलं. वर म्हणाले, "आणि मोजायलाही मीच चुकले होते, अम्मा."

"ते मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "तेरा वर्षांचं पोर, त्याला कसला दोष?"

मग खालच्या रस्त्याकडे बघत राहिली. शाळा सुटली होती, नोकरीवरून बायका परतत होत्या, कुणाच्या हातात भाजी, कुणाच्या खांद्याला पर्स. मला वाटलं, विषय संपला. मी उठायला लागले तेव्हा तिने माझं मनगट धरलं.

"ते चार महिने मी त्यांच्यासाठी बसले," ती म्हणाली. "त्याचं मला काही नाही. पुन्हा बसेन. पण त्यानंतर जी सगळी वर्षं बसले, सलमा, ती कुणासाठी बसले गं?"

ती खरंच विचारत होती. मनगट सोडत नव्हती.